मिठाचा कर आणि चौदा आण्यांचे शिक्षण

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये शिष्यवृत्तीवरून बोलणे निघाले होते. त्या वर्षीही रक्कम उशिरा आली होती आणि मुले परीक्षेच्या फीसाठी दारोदार हिंडत होती. एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "शेवटी हा सगळा करदात्यांचा पैसा आहे हो. आम्ही भरायचे आणि यांनी शिकायचे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो असे सांगावे तितक्या सहजपणे ते बोलून गेले. मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही. मी त्याच शिष्यवृत्तीवर शिकलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला आणि आयकराचा फॉर्म भरणाराही मीच पहिला. माझी माय जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली. तिने कधी कर भरला असेल असे माझ्यासारख्या अर्थशास्त्र शिकवणाऱ्यालाही वाटले नव्हते.

त्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा माय दुकानातून आणलेली पिशवी चुलीपाशी रिकामी करत होती. चहाची पुडी, कपड्यांचा साबण, गोड्या तेलाची पिशवी, दंतमंजन, नातवासाठी बिस्किटाचा पुडा, मिठाची पिशवी. मी सहज एकेक वस्तू हातात घेऊन किंमत वाचू लागलो. जवळजवळ प्रत्येक वेष्टनावर बारीक इंग्रजी अक्षरांत एकच मजकूर होता : किंमत सर्व करांसह. मायला अक्षर येत नाही. जिला अक्षर येत नाही ती बाई फॉर्म न भरता, सही न करता, पावती न घेता रोज कर भरत होती, आणि तिच्या पदवीधर मुलाला ते स्टाफरूममध्ये सांगता आले नव्हते.

त्या पिशवीत मीठ तेवढे करमुक्त होते. मायच्या पणजीची गोष्ट नेमकी उलटी होती. तिच्या घरी साबणाची वडी नव्हती, चहा नव्हता, बिस्किट नव्हते. कर होता तो मिठावर. त्या मिठापासून आजच्या साबणापर्यंत हा कर कसा आला आणि त्याने कोणाचा विकास केला, हे पाहण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात केला आहे.

१

कर दोन तऱ्हेचे असतात. आयकरासारखा कर ज्याच्यावर बसतो, बहुतांशी तोच तो सोसतो. दुसऱ्या तऱ्हेचा कर भरणारा एक आणि सोसणारा दुसरा. कारखानदार किंवा दुकानदार तो सरकारात भरतो आणि किमतीत मिळवून गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलतो. वस्तू वापरणाऱ्यावर शेवटी पडणारा हा कर म्हणजे उपभोगकर. मिठाचा कर, अबकारी, विक्रीकर, मूल्यवर्धित कर आणि आजचा वस्तू व सेवा कर ही त्याचीच रूपे.

विकसनशील देशांच्या सरकारांना हा कर प्रिय असण्याची कारणे उघड आहेत. या देशांतील बहुसंख्य लोक शेतीत, मजुरीत, हातगाडीवर, घरकामात गुंतलेले असतात. त्यांच्या उत्पन्नाची नोंद कोणत्याही वहीत नसते. तेव्हा उत्पन्न शोधत फिरण्यापेक्षा कारखान्याच्या दारात किंवा बंदरावर वसुली करणे सोपे. अर्थशास्त्रज्ञ याला आणखी एक आधार देतात. उत्पन्नावर कर लावला तर बचत घटते, खर्चावर लावला तर बचत सुटते. बचतीतून भांडवल, भांडवलातून उद्योग आणि उद्योगातून आर्थिक वाढ.

ही मांडणी खोटी नाही, पण ती अर्धी आहे. बचत कोण करतो, हा प्रश्न तिच्यात नाही. एक साधे उदाहरण धरून चालू. एका मजुराचे महिन्याचे उत्पन्न दहा हजार रुपये आहे आणि ते सगळे घरखर्चात जाते. एका अधिकाऱ्याचे उत्पन्न एक लाख आहे आणि तो त्यातले पन्नास हजार खर्च करतो. दोघांच्याही खर्चावर पाच टक्के कर पडला, तर मजुराच्या उत्पन्नातून पाच टक्के गेले आणि अधिकाऱ्याच्या उत्पन्नातून अडीच टक्के. कायद्याने दोघे समान, पोटाने असमान. सुटलेली बचत अधिकाऱ्याची, आणि तिची किंमत मोजली मजुराने.

तरीही, मजुराकडून घेतलेला पैसा त्याच्याच मुलाच्या शाळेत, त्याच्याच वस्तीच्या दवाखान्यात परत आला तर तो कर देशाला वर उचलू शकतो, हे मान्य केले पाहिजे. शिकलेला आणि निरोगी माणूस हेही भांडवलच असते. म्हणून या कराने देश वाढतो की खुंटतो, याचे उत्तर कराच्या दरात सापडत नाही. ते दोन खात्यांत सापडते : कोणाकडून घेतले आणि कोणावर खर्चले. पहिले खाते आपल्याकडे काटेकोरपणे लिहिले गेले. दुसरे उघडून पाहण्याचे काम फुले-आंबेडकरांना करावे लागले.

२

मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने १८३७ साली मिठावर मणाला आठ आणे कर बसवला. मण म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो. १८४४ साली तो एकदम एक रुपया केला, तेव्हा सुरतेत दंगल उसळली आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. पण १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली आणि सरकारची नजर पुन्हा मिठाकडे वळली. १८५९ साली एक रुपया, १८६१ साली सव्वा, १८६५ साली दीड, १८६९ साली एक रुपया तेरा आणे. १८७७ साली तो अडीच रुपये झाला.

हे १८७७ साल नीट पाहिले पाहिजे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या महादुष्काळाचा काळ. गावेच्या गावे खडी फोडायला सरकारी कामांवर गेली होती, आणि त्याच वेळी या मुलखात मिठाचा कर मणामागे अकरा आण्यांनी वाढला. त्यामागचे कारण उत्तरेत होते. तिकडे मिठाचा कर आधीपासूनच चढा होता. स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून सरकारने सिंधू नदीपासून मध्यप्रांतापर्यंत दोन हजार मैलांहून लांब जकातीची सीमा आखली होती. तिच्यावर मैलोगणती काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढवले होते आणि बारा हजारांच्या आसपास माणसे पहाऱ्याला ठेवली होती. मूठभर मिठासाठी एका देशाच्या पोटातून काढलेली ही काट्यांची भिंत. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अॅलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात याच जकात खात्याचे आयुक्त होते. कुंपण खर्चाचे आणि व्यापाराला जाचक ठरले, तेव्हा ते काढायचे ठरले. त्यासाठी सर्व प्रांतांतील दर जवळ आणणे भाग होते. उत्तरेचा दर थोडा उतरवला, मुंबई-मद्रासचा चढवला. १८७९ साली कुंपण गेले. व्यापार मोकळा झाला. त्या मोकळिकीची किंमत दुष्काळात होरपळणाऱ्या दख्खनने मिठातून चुकवली.

मिठाचा कर सर्वांवर सारखा, म्हणून तो न्याय्य, असे सरकारचे समर्थक म्हणत. पण उन्हात राबणाऱ्याच्या शरीरातून घामावाटे मीठ जाते आणि ते भरून काढावे लागते. ज्याच्या ताटात दूध, तूप, भाजी आहे त्याला मीठ चवीपुरते. ज्याच्या ताटात नुसती भाकर आहे त्याचे मीठ हेच कालवण. तेव्हा ज्याचा घाम अधिक त्याचा कर अधिक, असा हा कर होता. तो श्रमावरचा कर होता.

या पैशातून देशाची वाढ झाली का? महसुलाचा फार मोठा वाटा लष्करावर, इंग्लंडात पाठवायच्या खर्चावर आणि रेल्वे कंपन्यांना दिलेल्या व्याजाच्या हमीवर गेला. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना प्राध्यापक सेलिग्मन यांची. कर कोण भरतो आणि अखेरीस तो कोणावर ढकलला जातो, या विषयावर ज्यांचा शब्द त्या काळी प्रमाण मानला जाई, तेच हे सेलिग्मन. साम्राज्य सरकारचे करविषयक कायदे देशाच्या संपत्तीच्या मुळांवरच घाव घालत होते, असे बाबासाहेबांनी या ग्रंथात दाखवले : जमीनमहसुलाने शेती खुंटली, जकातींनी उद्योग आणि व्यापार खुंटला. ज्या फांदीवरून फळ काढायचे तीच तोडण्याचा हा प्रकार होता.

याचा उलटा पुरावाही इतिहासात आहे. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मिठाचा कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ साली तो दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला. याचा अर्थ सरळ आहे. त्याआधी या देशातील माणसे मीठसुद्धा पुरेसे खात नव्हती.

३

आता दुसरे खाते. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी साहेबाच्या तोंडावर सांगितले. वयाच्या निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. हे निवेदन आपण शिक्षणाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ते करव्यवस्थेवरचेही निवेदन आहे. देणारा एक आणि घेणारा दुसरा, ही वर्णव्यवस्थेची जुनी रीत इंग्रजांच्या तिजोरीत कशी शिरली, ते जोतीरावांनी त्यात उघड केले.

मिठाच्या जोडीला दारू आली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा सारा व्यवहार सरकारी मक्त्याखाली आणला. ताडीच्या झाडावर कर बसला. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहफुले बाळगण्यावरही बंधने आली; आदिवासीच्या अंगणात पडणारे फूल गुन्ह्यात जमा झाले. अबकारीचे उत्पन्न वाढत गेले. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई इलाख्यात शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती मंत्र्यांकडे सोपवली. गुत्त्यात जमलेल्या पैशावर शाळा चालवायची, अशी विचित्र सोयरीक त्यातून झाली.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. या इलाख्यात शिक्षणावर सरकार माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे लोकांकडून अबकारीत घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत फक्त अठरा पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवले. जे समाज खाली आहेत त्यांना वर आणायचे तर त्यांना इतरांपेक्षा झुकते माप दिलेच पाहिजे, असेही ते म्हणाले.

माझ्या मते आपल्या देशातील करविचारातला हा सर्वात मोठा क्षण आहे, आणि विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांत तो मला कुठे आढळला नाही. बाबासाहेबांनी कर माफ करा म्हटले नाही. हिशेब जुळवा म्हटले. दान मागणारा माफी मागतो. हक्कदार हिशेब मागतो.

या भाषणानंतर आठव्या दिवशी, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन घटना वेगळ्या नाहीत. १९२३ च्या बोले ठरावाने अस्पृश्यांना जी पाणवठ्यांची, धर्मशाळांची, शाळांची दारे उघडली, ती सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातली होती. सार्वजनिक पैसा म्हणजे करातून आलेला पैसा. त्यात महाराच्या मिठाचा आणि चांभाराच्या मिठाचा वाटा होता. मिठाचा कर घेताना कोणत्याही अंमलदाराला विटाळ झाल्याची नोंद नाही. अस्पृश्याच्या रुपयावर गोमूत्र शिंपडून तो तिजोरीत टाकला गेला नाही. विटाळ व्हायचा तो त्याच पैशातून राखलेल्या तळ्याला. महाडचा सत्याग्रह माणुसकीचा होता, आणि तो करदात्याच्या हक्काचाही होता.

तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिले. मिठाचा कर गरिबांवरचा सर्वात जाचक कर आहे, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. तो मुद्दा खरा होता. त्याच २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे कर घेणाऱ्या परक्या सरकारला प्रश्न, दुसरीकडे हक्क नाकारणाऱ्या स्वकीयांना. मिठाच्या पत्राचा इतिहास शाळेत शिकवला जातो; काळारामाचा आपल्याला घरी सांगावा लागतो. मिठाचा कर १९४७ च्या एप्रिलमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, रद्द झाला.

४

मीठ सुटले, पण कर नव्या वस्तूंवर बसला. मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या सरकारने दारूबंदीमुळे बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला. घटना लिहिली जात असताना विक्रीकर हा प्रांतांच्या उत्पन्नाचा कणा होऊ लागला होता. त्याच्यामुळे देशांतर्गत व्यापाराला होणारा अडथळा बाबासाहेबांनी घटना समितीत १९४९ साली मांडला आणि त्याला बंधने घालणारे कलम पुढे केले. तेच कलम २८६.

या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाकडे कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्यात मूळ तरतूद अशी होती : ज्या वस्तू समाजाच्या जगण्यासाठी आवश्यक आहेत असे संसद कायद्याने जाहीर करील, त्यांच्यावर राज्यांनी नवा विक्रीकर बसवला तर तो राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय लागू होणार नाही. १९५२ साली संसदेने तसा कायदा करून जीवनावश्यक वस्तूंची यादीही केली. आणि १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने हे शब्द बदलले. 'समाजाच्या जगण्यासाठी आवश्यक' या वस्तूंच्या जागी 'आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्वाच्या' वस्तू आल्या. मोजण्याची काठी पोटाची होती, ती बाजाराची झाली.

याच १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारत सरकारला करसुधारणेचा अहवाल दिला. त्यांचीही कल्पना खर्चावर कर लावण्याचीच होती, पण श्रीमंतांच्या खर्चावर, आणि तोही थेट. सोबत संपत्तीकर, देणगीकर, भांडवली नफ्यावर कर. विकासासाठी पैसा हवा तर तो जिथे साठला आहे तिथून काढा, हा त्यामागचा विचार. पुढे काय झाले ते तारखाच सांगतात. खर्चकर १९५७ साली आला आणि मध्ये एकदा बंद पडून १९६६ साली कायमचा गेला. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९५३ साली आला, १९८५ साली गेला. देणगीकर १९५८ ते १९९८. संपत्तीकर १९५७ ते २०१५. साठलेल्या पैशावरचे कर असे एकेक करून मेले आणि त्यांचा शोक कोणी केला नाही.

याच काळात रोजच्या वस्तूंवरचा कर अधिकाधिक कुशल होत गेला. मूल्यवर्धित कर फ्रान्समध्ये १९५४ साली सुरू झाला. ब्राझीलने तो १९६७ साली घेतला आणि पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्याने तो आफ्रिका-आशियाभर पसरला. आपल्याकडे १९८६ साली अबकारीत त्याची सुरुवात झाली, २००५ साली महाराष्ट्रात विक्रीकराची जागा त्याने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. या कराची युक्ती अशी की प्रत्येक टप्प्यावरचा व्यापारी खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून घेतो. त्यामुळे करावर कर चढत नाही, मालाची वाहतूक मोकळी होते, उद्योगाला फायदा होतो. हे लाभ खरे आहेत. पण वजा करून घेण्याची ही सोय शेवटच्या माणसाला नाही. साखळी जिथे संपते तिथे माझी माय उभी असते.

शेतकऱ्याचीही गोष्ट अशीच. सुटे धान्य करमुक्त आहे, असे सांगितले जाते. पण खतावर पाच टक्के कर आहे, आणि करमुक्त माल विकणाऱ्याला खरेदीवरचा कर परत मिळत नाही. म्हणजे करमुक्त भाकरीतही कर मळलेला असतो. बाईच्या मासिक पाळीच्या पॅडवर २०१७ साली बारा टक्के कर होता. ओरड झाली तेव्हा तो वर्षभराने गेला. वह्या आणि पेन्सिली करमुक्त व्हायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्याआधी २०१९ साली मोठ्या कंपन्यांना मात्र ओरड न करता सवलत मिळाली : इतर सवलती सोडणाऱ्यांसाठी नफ्यावरच्या कराचा मूळ दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आला. बचत सुटली की गुंतवणूक वाढेल, हाच तो जुना युक्तिवाद. वस्तू व सेवा कराची २०२४-२५ ची एकूण वसुली बावीस लाख कोटी रुपयांहून अधिक झाली. त्यात माझ्या मायच्या साबणाचा पैसाही आहे.

५

आपल्याच देशाचे दाखले घेत राहिलो तर हा दोष आपल्या जातिव्यवस्थेपुरता आहे असे वाटेल. म्हणून आफ्रिकेतील घाना या देशाकडे पाहू. तोही इंग्रजांच्या गुलामीतून सुटलेला देश.

घानाच्या सरकारने मार्च १९९५ मध्ये साडेसतरा टक्के दराने मूल्यवर्धित कर लागू केला. किमती भडकल्या. मे महिन्यात राजधानी अक्रामध्ये प्रचंड मोर्चा निघाला. मोर्च्याचे नाव होते 'कुमे प्रेको'. तिथल्या आकान भाषेत त्याचा अर्थ, मला एकदाचे मारून टाक. रोज थोडे थोडे मारण्यापेक्षा एकदाच मार, ही करपीडित माणसाची हाक. गोळीबार झाला, माणसे मेली, आणि सरकारला कर मागे घ्यावा लागला.

१९९८ च्या अखेरीस तोच कर पुन्हा आला, पण दहा टक्क्यांनी. २००० साली त्यात अडीच टक्के वाढवले, तेव्हा कायद्याने सांगितले की हे अडीच टक्के शिक्षणनिधीत जातील. २००३ साली आणखी अडीच टक्के आरोग्यविम्यासाठी आले. ज्या लोकांनी १९९५ साली छातीवर गोळ्या घेतल्या, त्यांनी हा वाढीव कर सोसला. मला या घटनेत बाबासाहेबांच्या १९२७ च्या मागणीचा प्रतिध्वनी ऐकू येतो : घेता, तर शाळेवर खर्च करा.

पण घानाचा पुढचा धडाही घ्यायला हवा. २०१७ साली तिथल्या सरकारने अशा राखीव निधींवर मर्यादा घातली आणि शिक्षणाच्या नावाने गोळा झालेला पैसा इतर खर्चाकडे वळू लागला. ती मर्यादा उठवण्याचा निर्णय व्हायला २०२५ साल यावे लागले. कायद्यात लिहिले म्हणजे पैसा पोचला असे होत नाही.

आपल्याला हे नवे नाही. २००४ साली आपल्याकडे शिक्षण उपकर आला. तो आयकरावर होता तसा २०१५ पर्यंत अबकारीवरही होता, म्हणजे मायच्या साबणावरही होता. २००७ साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का वाढला. तो पैसा ज्या कोषात जायचा तो माध्यमिक व उच्चतर शिक्षा कोष मंजूर झाला ऑगस्ट २०१७ मध्ये. कर आधी, तिजोरी दहा वर्षांनी. मी त्याच दहा वर्षांत महाविद्यालयात शिकलो. माझी शिष्यवृत्ती त्याच वर्षांत उशिरा येत होती आणि मी एका मित्राच्या पुस्तकांवर परीक्षा देत होतो.

६

तेव्हा विकासाच्या प्रश्नाचे उत्तर काय? उपभोगकराने विकसनशील देशाला पैसा मिळतो, आणि पैशाशिवाय शाळा, पाटबंधारे, दवाखाने होत नाहीत; हे नाकारणे भाबडेपणा ठरेल. हा कर मुळातून उखडा, ही घोषणा सोपी आहे, पण उद्या त्यातून पहिल्यांदा बंद पडेल ती आपल्याच वस्तीतली शाळा. ब्राझीलने २०२३ च्या घटनादुरुस्तीने करव्यवस्था बदलताना गरीब कुटुंबांना भरलेल्या कराचा काही भाग परत देण्याची तरतूद केली. म्हणजे कर गोळा करतानाही गरिबाचा विचार करता येतो. जमत नाही, हे कारण खरे नाही.

खरा अडथळा मनाचा आहे. जो आयकर भरतो तोच करदाता आणि बाकीचे सगळे लाभार्थी, ही समजूत म्हणजे नवी वर्णव्यवस्था आहे. वरचा दाता, खालचा याचक. या समजुतीपोटी आरक्षण खैरात ठरते, शिष्यवृत्ती उपकार ठरते आणि आपली मुले वर्गात मान खाली घालून बसतात. मिठाच्या इतिहासाने ही समजूत उलटी होते. या देशाची तिजोरी भरायला दुष्काळातही ज्यांनी मिठाचे अकरा आणे जास्त मोजले, त्यांच्या नातवंडांना देशाने शाळा दिली तर ती परतफेड आहे, आणि तीही अपुरी.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की अर्थसंकल्प हा विषय तज्ज्ञांवर सोडू नका. बाबासाहेबांनी दोन आकडे शेजारी ठेवले, त्यासाठी फार मोठे गणित लागले नव्हते. आपल्या जिल्हा परिषदेचा, नगरपालिकेचा, राज्याचा आकडा मागवा. वस्तीतील दहा घरांची महिन्याची खरेदी वहीत उतरवा, त्यातला कर काढा आणि त्या वस्तीतल्या शाळेवर, दवाखान्यावर, पाण्यावर काय खर्च झाला ते त्याच्या शेजारी लिहा. मी माझ्या वर्गाला गेल्या वर्षी हे काम दिले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने आठवड्याची यादी वाचून दाखवली आणि विचारले, "सर, म्हणजे माझी आजीपण टॅक्स भरते?" मी हो म्हटले. तिने यादी पुन्हा एकदा वाचली, या वेळी मोठ्याने.

स्टाफरूममधले ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "सर, त्या दिवशी तुम्ही करदात्यांविषयी बोलला होता. माझी मायपण करदाती आहे. फक्त तिला पावती मिळत नाही." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "असा विचार मी केला नव्हता." मीही केला नव्हता. पण बाबासाहेबांनी तो १९२७ सालीच करून ठेवला होता, आणि चौदा आण्यांचा तो हिशेब अजून चुकता झालेला नाही.